फिनॉम टू एक्स२ ५५५ : आधी कोअर उघडा, वेगाचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रोसेसर एएमडीचा फिनॉम टू एक्स२ ५५५ ब्लॅक एडिशन, मदरबोर्ड ७८५जी चिपसेट आणि एसबी७१० साउथब्रिजचा (डिस्क वगैरे सांभाळणारी बोर्डावरची चिप), डीडीआर३-१३३३ रॅमच्या ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या, आणि नव्याने बसवलेला उभा टॉवर कूलर. बायोसमध्ये एसीसी ही सोय (तिच्याबद्दल पुढे) 'ऑटो' केल्यावर प्रोसेसरमधले बंद ठेवलेले कोअर उघडले आणि दोनाचे चार दिसू लागले. त्याच बैठकीत मल्टिप्लायर (मूळ २०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो) १६ वरून २० वर नेला, म्हणजे थेट ४ गिगाहर्ट्झ. आता विंडोज लोड होता होता अडकतं, कधी निळा पडदा येतो, आणि तापमान शून्य दिसतं. चार कोअर आणि ४ गिगाहर्ट्झ असं दोन्ही मिळेल का?

तापमानाचं लगेच सांगून टाकतो, कारण त्यानेच बरेच जण घाबरतात. बंद कोअर उघडले की या पिढीच्या प्रोसेसरमधला आतला सेन्सर वाचता येईनासा होतो. काही बोर्डांवर शून्य दिसतं, काहींवर भलताच आकडा. प्रोसेसर बिघडलेला नाही. पण आता तुम्ही अर्धवट आंधळेपणाने गाडी हाकताय, हे लक्षात ठेवा. त्यावरचा उपाय पुढे येईल.

खरा घोळ वेगळाच आहे. तुम्ही दोन प्रयोग एकदम केलेत, त्यामुळे मशीन पडलं ते कशामुळे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. तिसरा कोअर मुळातच सदोष असेल. किंवा चारही कोअर ठणठणीत असतील आणि कमी व्होल्टेजवर ४ गिगाहर्ट्झ झेपत नसेल. दोन्हींची लक्षणं हुबेहूब सारखी दिसतात. तेव्हा मल्टिप्लायर परत १६ वर आणा आणि वेगाचा विषय काही दिवस बाजूला ठेवा.

आता हे जास्तीचे कोअर येतात कुठून ते पाहू, कारण पुढची सगळी पद्धत त्यावरच ठरते. फिनॉम टू एक्स४ ज्या चिपवर बनतो तिचं नाव डेनेब. ४५ नॅनोमीटरची, सुमारे २५८ चौरस मिलिमीटर, ७५.८ कोटी ट्रान्झिस्टर, चार कोअर आणि ६ एमबी एल३ कॅश, म्हणजे सगळ्या कोअरची सामाईक अशी चिपवरचीच वेगवान मेमरी. तुमच्या एक्स२ ५५५ मध्ये हीच चिप आहे, फक्त दोन कोअर बंद करून विकलेली, आणि त्या रूपाला नाव मिळालं कॅलिस्टो. एक कोअर बंद केला की हेका, म्हणजे एक्स३ ७२० वगैरे. कारखान्यात चाचणीच्या वेळी एखाद्या कोअरमध्ये दोष सापडला तर अख्खी चिप फेकण्यापेक्षा तो भाग बंद करून स्वस्तात विकणं परवडतं. मात्र स्वस्त प्रोसेसरची मागणी दोषी चिपांच्या संख्येपेक्षा जास्त झाली, की धडधाकट चिपांचेही कोअर बंद करावे लागतात. तुमच्या हातातली चिप कोणत्या कारणाने अर्धी झाली, ते तिच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. उत्पादनाचा आठवडा कोरलेला असतो, पण त्यावरून भाकितं करणाऱ्यांच्या नादी लागू नका.

एसीसी, म्हणजे अॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन, ही सोय खरं तर कोअर उघडण्यासाठी नव्हतीच. पहिल्या पिढीचे फिनॉम ओव्हरक्लॉक करताना अडखळायचे, त्यांना आधार म्हणून ती एसबी७५० सोबत आली, पुढे एसबी७१० मध्येही होती. २००९ च्या सुरुवातीला फिनॉम टू एक्स३ बाजारात आला, आणि ही सोय चालू केली की बंद केलेला कोअर जागा होतो हे लोकांच्या लक्षात आलं. नंतरच्या एसबी८५० मधून एसीसी गेलं, तेव्हा बोर्ड बनवणाऱ्यांनी स्वतःच्या युक्त्या दिल्या: असुसचा 'कोअर अनलॉकर', असरॉकचा 'यूसीसी', एमएसआयचा 'अनलॉक सीपीयू कोअर'. नावं निराळी, काम तेच.

ज्यांच्याकडे दुसरा प्रोसेसर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. अॅथलॉन टू एक्स२ ची चिप बहुतेक वेळा वेगळीच असते, रेगॉर नावाची, मुळात दोनच कोअरची. तिथे उघडायला काही शिल्लकच नाही, बायोसमध्ये कितीही शोधा. अॅथलॉन टू एक्स३ मात्र चार कोअरच्या चिपवरूनच उतरलेला आहे, आणि क्वचित त्यात डेनेबच निघते. मग चौथ्या कोअरसोबत एल३ कॅशही हाती लागते. फिनॉम टू एक्स४ ९६०टी मध्ये तर सहा कोअरची थुबान चिप आहे.

तुमच्याकडे वळू. कोअर तपासण्याआधी रॅम तपासा. हे सगळेच टाळतात आणि मग आठवडाभर चुकीच्या दाराशी बसतात. बायोस पूर्ण डीफॉल्टवर, एसीसी बंद, रॅम तिच्या पट्टीवर लिहिलेल्या वेगाला आणि व्होल्टेजला, आणि रात्रभर मेमटेस्ट८६+. एकही लाल ओळ आली तर पुढे जायचं नाही. रॅम स्वच्छ निघाली की सगळ्या कामाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क मशीनपासून सोडवून ठेवा. अस्थिर कोअर मशीन पाडतो ते एक वेळ परवडतं, निदान दिसतं तरी. तो न पडता चुकीचं गणित करून डिस्कवर लिहीत राहतो, तेव्हा खरी पंचाईत. फोटो उघडत नाही, झिप फाइल तुटलेली निघते, आणि हे महिन्याभराने कळतं.

मग एसीसी ऑटो करा आणि बाकी कशालाही हात लावू नका. प्रोसेसरची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडलात की नाव बदललेलं दिसेल: फिनॉम टू एक्स४ बी५५. एक्स२ ५५० उघडला तर बी५० दिसतो. नाव दिसलं म्हणजे कोअर जागे झाले एवढंच. ते कामाचे आहेत की नाही, ते अजून ठरायचं आहे.

इथे बहुतेक जण प्राइम९५, म्हणजे प्रोसेसरला सतत अवघड गणितं देऊन ताण देणारा प्रोग्राम, चारही कोअरवर सोडून देतात. मी आधी एकेक कोअर वेगळा काढतो. प्राइम९५ मध्ये एकच वर्कर (एका कोअरपुरतं काम) ठेवा, 'स्मॉल एफएफटी' चाचणी निवडा, आणि टास्क मॅनेजरमध्ये 'अॅफिनिटी'त जाऊन ती फक्त सीपीयू २ ला बांधा. क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणजे सीपीयू २ हा तिसरा कोअर. तासभर चालू द्या. मग तेच सीपीयू ३ वर. उघडलेले कोअर सहसा हेच दोन असतात, पण नेहमीच नाही. एखाद्या चिपमध्ये मधलाच कोअर बंद केलेला असू शकतो, म्हणून ० आणि १ वरही थोडा वेळ चालवून पाहा. सदोष कोअरवर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच वर्कर थांबतो आणि खिडकीत ओळ उमटते: राउंडिंग ०.५ आलं, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी. याचा सरळ अर्थ असा की त्या कोअरने गुणाकार चुकवला. विंडोज वरवर मजेत चालू असलं, माउस हलत असला, गाणी वाजत असली, तरी या ओळीपुढे वाद नाही.

स्मॉल एफएफटी का, तेही सांगतो. ही चाचणी कोअर आणि त्याच्या स्वतःच्या कॅशमध्येच घोटाळत राहते, रॅमपर्यंत फारशी जात नाही. तुमच्या एक्स२ ५५५ मध्ये एल३ ची ६ एमबी आधीपासून पूर्ण चालू होती, त्यामुळे तिच्यावर नवा संशय घ्यायचं कारण नाही. नव्याने जागं झालेलं काय, तर दोन कोअर आणि प्रत्येकाची ५१२ केबी एल२. तेच घासून पाहायचं. ज्याच्या अॅथलॉनमध्ये एल३ उघडली आहे त्याने मात्र 'ब्लेंड' चाचणी, जी रॅमपर्यंत सगळ्यालाच ताण देते, आधी लावावी, कारण त्याची संशयित जागा तिथे आहे.

वर्कर थांबला तर लगेच हार मानू नका. प्रोसेसर व्होल्टेज मूळच्या आकड्यापेक्षा ०.०५ ने वाढवा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. काही कोअर दोषी नसतात, नुसते अशक्त असतात, आणि एवढ्या आधारावर उभे राहतात. बोर्ड एसीसीचे आकडे कोअरनिहाय, टक्क्यांत देत असेल तर तेही थोडे खालीवर करून पाहता येतात, पण त्याने चमत्कार झालेला मी विरळाच पाहिला आहे. एवढं करूनही तोच कोअर पडत असेल तर तो खरंच नासका आहे. बायोस परवानगी देत असेल तर तेवढाच बंद करा आणि तीन कोअरवर समाधान माना. दोनाचे तीन होणं हाही फुकटचा पन्नास टक्के फायदा आहे.

चौघेही एकेकटे पास झाले की चारही एकदम चालवा, आणि इथून वीज आणि उष्णतेचा प्रश्न सुरू होतो. तुमच्या एक्स२ ५५५ चा अधिकृत टीडीपी, म्हणजे कूलरने किती उष्णता हटवायची त्याचा ठरवलेला आकडा, ८० वॅट आहे. पण चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, ६ एमबी एल३, हे वर्णन कोणाचं? फिनॉम टू एक्स४ ९५५ चं. तो बाजारात आला तेव्हा त्याचा टीडीपी १२५ वॅट होता. म्हणजे वेग एका मेगाहर्ट्झनेही न वाढवता तुम्ही ८० वॅटचा प्रोसेसर १२५ वॅटच्या वर्गात नेऊन बसवला. म्हणून मदरबोर्डच्या प्रोसेसर यादीत ५५५ आहे का हे पाहू नका, ९५५ आहे का ते पाहा. यादीत ९५ वॅटचीच मर्यादा असेल तर कोअर उघडा, हवं तर तसेच वापरा, पण ओव्हरक्लॉकिंगचा विचार तिथेच सोडा.

तापमानाच्या मर्यादेचंही तसंच. ५५५ साठी एएमडी ७० अंश सांगते, त्या १२५ वॅटच्या ९५५ साठी ६२. तुमच्याकडे आता ९५५ आहे असं धरून चाला. आतला सेन्सर गेला असला तरी सॉकेटखालचा, बोर्डाचा स्वतःचा सेन्सर शाबूत असतो. सेन्सर दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये मदरबोर्डच्या विभागात 'सीपीयू' म्हणून दिसतो तो हाच. तो जरा सुस्त असतो, भार पडल्यावर उशिरा चढतो, म्हणून दोन मिनिटांच्या आकड्यावर विसंबू नका. अर्ध्या तासाने जो स्थिर होईल तो खरा, आणि तो ५५ च्या आत असावा असा माझा आग्रह असतो. उघडण्याआधी, दोन कोअर असताना, आतला आणि सॉकेटचा असे दोन्ही सेन्सर भाराखाली किती दाखवतात ते लिहून ठेवलं असेल तर फार उपयोगी पडतं. नसेल तर एसीसी बंद करून एकदा ते करून घ्या, दोन्हींमधला फरक हाती लागतो.

तुमच्या उभ्या कूलरची एक खोड सांगतो. प्रोसेसरसोबत मिळणारा कूलर वारा खाली बोर्डावर फुंकतो, त्यामुळे सॉकेटशेजारचे मॉस्फेट, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे ते छोटे काळे चौकोन, आपोआप थंड राहतात. टॉवर कूलर वारा आडवा मागे ढकलतो. प्रोसेसर आधीपेक्षा थंड, आणि मॉस्फेट तापून लाल! या किमतीच्या बऱ्याच बोर्डांवर त्यांना हीटसिंकही नसतो. वीस-पंचवीस मिनिटं सगळं छान चालून मग अचानक मशीन बंद पडलं किंवा वेग आपोआप ८०० मेगाहर्ट्झवर घसरला, तर आधी संशय इथे घ्यायचा. कॅबिनेटमधला एखादा छोटा पंखा त्या भागावर रोखला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

कूलर पुन्हा काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नका. एएम३ च्या पिना प्रोसेसरला असतात, ९३८ आहेत, आणि सुकलेल्या पेस्टमुळे सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो. मशीन दहा मिनिटं भाराखाली चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून वायर काढा, आणि कूलर डावीउजवीकडे हलके पिळत सुटा करा.

आता वेग. ब्लॅक एडिशन असल्याने मल्टिप्लायर मोकळा आहे, म्हणून २०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला हात लावायची गरजच नाही. तपासणीपुरतं कूल'एन'क्वाएट आणि सी१ई, या रिकाम्या वेळी वीज वाचवणाऱ्या सोयी, बंद करा. व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका, बोर्ड ऑटोमध्ये उगाच सढळ हाताने देतो. सध्या जे दाखवतं ते हाताने भरा, बहुधा १.३ आणि १.४ च्या मध्ये कुठेतरी असेल. मग मल्टिप्लायर १६.५, १७, १७.५ असा अर्ध्याअर्ध्याने. प्रत्येक पायरीवर वीस मिनिटं चारही कोअरवर प्राइम९५. पडला की व्होल्टेज ०.०२५ ने वर, आणि पुन्हा. तुमच्या चौघांतला सगळ्यात कच्चा कोअर जिथे थांबेल तीच सगळ्यांची हद्द, आणि तो कच्चा बहुधा उघडलेल्या दोघांपैकीच असतो. दोन कोअरवर ४ गिगाहर्ट्झ सहज गाठणारी चिप चार कोअरवर ३.६ ला दम टाकते, यात नवल काही नाही.

४ चा हट्ट सोडा असं मी का म्हणतो, त्याचा हिशोब मांडतो. वीज ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा मूळ ३.२ गिगाहर्ट्झ १.३५ व्होल्टवर आहे. ३.६ साठी १.४५ लागले तर वेग साडेबारा टक्के वाढतो आणि वीज सुमारे तीस टक्के. ४ साठी १.५ लागले तर वेग पंचवीस टक्के, वीज चौपन्न टक्के. गळतीने वाया जाणारी वीज यात धरलेलीच नाही, आणि ती तापमानासोबत चढत जाते. हे सगळं १२५ वॅटच्या पायावर, मधल्या दर्जाच्या बोर्डावर. रोज वापरायच्या मशीनवर मी १.४५ च्या वर जात नाही.

त्याऐवजी एक जागा आहे जिकडे फार जण बघत नाहीत: सीपीयू-एनबी. मेमरी कंट्रोलर आणि एल३ कॅश कोअरच्या वेगाने चालत नाहीत, त्यांचं वेगळं घड्याळ असतं, मूळचं २००० मेगाहर्ट्झ. ते मल्टिप्लायरने २२०० किंवा २४०० वर न्या, सीपीयू-एनबी व्होल्टेज थोडं वाढवून १.२५ पर्यंत. एचटी लिंक, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटमधला दुवा, २००० वरच राहू द्या, ती वाढवून काही हाती लागत नाही, आणि ती एनबीपेक्षा वर जाताही कामा नये. गेममध्ये आणि फाइल कॉम्प्रेस करताना शेवटच्या २०० मेगाहर्ट्झपेक्षा हा बदल जास्त जाणवतो. यानंतर मात्र ब्लेंड चाचणी आणि मेमटेस्ट पुन्हा लावायचे, कारण आता मेमरीची वाट बदलली आहे.

ज्यांचा मल्टिप्लायर वरच्या बाजूने कुलूपबंद आहे, उदाहरणार्थ अॅथलॉन टू एक्स४ ६४०, त्यांना मूळ क्लॉकच वाढवावा लागतो आणि मग सगळंच त्यासोबत चढतं. २४० केला तर १५ पटीने ३६०० होतात, पण एनबी २४०० वर, आणि १३३३ ची रॅम १६०० वर जाते. म्हणून रॅमचा भागक (तिच्या वेगाची सेटिंग) आधीच १०६६ वर उतरवायचा, तो २४० वर १२८० होतो. एचटीचा गुणक ८ करायचा, १९२० होतात. पीसीआय एक्सप्रेस १०० मेगाहर्ट्झवर हाताने बांधून टाकायचा, ऑटोवर नाही.

मध्येच स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नका. मागची वायर काढा, क्लिअर सीमॉसचा जंपर काही सेकंद जोडा किंवा गोल बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा. बायोस डीफॉल्टवर येतो, एसीसीही बंद होतं आणि तुमचा जुना दोन कोअरचा प्रोसेसर परत येतो.

शेवटचा आकडा ठरला की सहा-आठ तास प्राइम९५, आणि माझी आवडती एक साधी परीक्षा: मोठा फोल्डर सेव्हन-झिपने बांधायचा, लगेच त्याच संग्रहाची 'टेस्ट' घ्यायची, असं चार-पाच वेळा. एकदाही सीआरसीची चूक (फाइलमधला मजकूर मूळाशी जुळत नसल्याची) आली तर मल्टिप्लायर अर्ध्याने खाली. सगळं पास झालं की कूल'एन'क्वाएट पुन्हा चालू करून बघा, मोकळ्या वेळी मशीन ८०० मेगाहर्ट्झवर उतरतं आणि वीज वाचते. उघडलेल्या एखाद्या कोअरला वेग बदलताना झटके बसतात, ते कामाच्या नव्हे, रिकाम्या वेळी हँग होण्यातून दिसतं. तसं झालं तर कूल'एन'क्वाएट बंदच ठेवा.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. कितीही वेग वाढवला तरी या चिपमध्ये एसएसई४.१, एसएसई४.२ आणि एव्हीएक्स हे नव्या प्रोसेसरना कळणारे आदेश (इन्स्ट्रक्शन) येणार नाहीत. काही नवे गेम त्यामुळे उघडतच नाहीत, आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती एसएसई४.२ शिवाय सुरूच होत नाही. व्हिडिओ रूपांतर, खूप टॅब उघडलेला ब्राउझर, जुने-मधले गेम, यांत चार कोअरचा फरक स्वच्छ दिसेल. डिस्क अजून फिरणारी असेल तर एसएसडी घ्या, एसबी७१० ची सॅटा ३ गिगाबिटचीच असली तरीही.

आणि काही महिन्यांनी, हवा तापली की, पास झालेलं मशीन पुन्हा अडखळायला लागलं, तर पेस्ट आणि धूळ बघून झाल्यावर आधी मल्टिप्लायर १६ वर आणायचा. तरी अडखळलं तर एसीसी बंद. यातलं कोणत्या पायरीला थांबलं, त्यावरून दोष वेगाचा की कोअरचा ते कळेल. या वेळी तेवढं एकेक करून बघा.